सांगावा आणि कान

चेतासंस्था, जिला रोजच्या बोलण्यात मज्जासंस्था म्हणतात, ती गर्भात कशी घडते या प्रश्नाला गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत दोन प्रकारची उत्तरे मिळत आली आहेत. पहिल्या उत्तरानुसार प्रत्येक पेशी आपले भवितव्य वंशातून घेऊन येते, आणि जनुकांत जे लिहिलेले असते तेच पुढे मेंदू, मेरुरज्जू व नसा यांच्या रूपाने उलगडत जाते. दुसऱ्या उत्तरानुसार पेशीचे भवितव्य शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून ठरते. एक पेशी एखादे प्रथिन बाहेर सोडते, ते दुसरीच्या पृष्ठभागावरील ग्राहीला, म्हणजे नेमके तेच प्रथिन ओळखून धरणाऱ्या रेणूला, चिकटते, आणि त्याची वर्दी केंद्रकापर्यंत पोहोचून कोणती जनुके जागी व्हावीत आणि कोणती निजलेली राहावीत हे बदलते. या देवाणघेवाणीला पेशीसंकेतन म्हणतात, आणि साध्या मराठीत त्या प्रथिनाला सांगावा व ग्राहीला कान म्हटले तरी अर्थाला बाध येत नाही.

हा वाद जबलपूरच्या महाराजपूर भागात मांडून पाहण्यास कारण आहे. अधारतालच्या बाजूला असलेल्या या वस्तीच्या आसपासच जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाचा परिसर आहे. 1964 साली स्थापन झालेल्या या विद्यापीठात ‘जबलपूर कलर’ नावाची कोंबडीची जात तयार झाली, आणि पुढे 2009 साली स्थापन झालेल्या नानाजी देशमुख पशुचिकित्सा विज्ञान विश्वविद्यालयात तिचा झाबुआच्या काळ्या कडकनाथशी संकर करून ‘नर्मदानिधी’ ही जात काढण्यात आली. कडकनाथचा काळा रंग वरवर पाहता मेंदूशी संबंध नसलेली गोष्ट वाटतो, पण तो रंग देणाऱ्या पेशी आणि आतड्याच्या नसा देणाऱ्या पेशी गर्भात एकाच उगमातून निघतात, त्यामुळे चेतासंस्थेच्या घडणीतील संकेतांचे काम या कोंबडीइतके उघड क्वचितच दिसते.

सागर-नर्मदा मुलखात पेशवाई आणि नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून मराठी कुटुंबे राहत आली आहेत. पुढील संवाद अशाच एका घरातील काका आणि पुतणी यांचा कल्पिलेला असून, काकांचे आयुष्य कुक्कुटपैदास शिकवण्यात गेले आहे, तर पुतणी बालशल्यचिकित्सेचे शिक्षण घेत आहे. दोन्ही पात्रे कल्पित असली तरी त्यांच्या तोंडी आलेले प्रयोग, वर्षे आणि नावे खरी आहेत.

काका : कडकनाथची चोच, तुरा आणि कातडी काळी असते हे कोणालाही दिसते, पण ती कापली की स्नायूंवरचा पापुद्रा, हाडांवरचे आवरण आणि आतड्याला धरून ठेवणारा पडदासुद्धा काळा निघतो, म्हणून तर झाबुआकडे तिला ‘कालीमासी’ म्हणतात. सोनेरी पिसांच्या कडकनाथचेही आतले शरीर काळेच असते. अशीच काळ्या कातडीची चिनी सिल्की कोंबडी घेऊन बेटसन आणि पनेट या आनुवंशशास्त्रज्ञांनी इंग्लंडमध्ये संकर केले आणि 1911 साली दाखवून दिले की हा रंग दोन आनुवंशिक घटकांच्या हिशेबाने चालतो. एक घटक रंग आणतो, दुसरा त्याला आवरतो, आणि आवरणारा घटक लिंगगुणसूत्रावर असल्यामुळे कोंबडा काळ्या जातीचा घेतला की कोंबडी, यावर पिलांचा रंग बदलतो. काळ्या जातीचा कोंबडा आणि साधी कोंबडी यांच्या पिलांत माद्या गडद निघतात आणि नर फिके. जोडी उलटी केली तर सगळीच पिले फिकी निघतात. इतका चोख हिशेब लागतो, तिथे शेजाऱ्यांच्या सांगण्याला जागा कुठे उरते?

पुतणी : हिशेब चोख आहे यात शंका नाही, काका, पण त्या हिशेबात घटक काय करतो हे कुठेच लिहिलेले नाही, तो रंगाच्या पेशीत बसून काम करतो की तिच्या भोवतालात, हे संकराच्या आकड्यांतून कळू शकत नाही. त्यासाठी अंड्यात डोकवावे लागते.

अंड्यात डोकावणे ही येथे केवळ बोलण्याची पद्धत नाही. दोन दिवस उबवलेल्या अंड्याच्या एका टोकाला बारीक छिद्र पाडून सिरिंजने थोडा पांढरा बलक काढून घेतला की भ्रूण कवचापासून खाली बसतो, आणि मग वरच्या बाजूने कवचाला नाण्याएवढी खिडकी पाडता येते. पिवळ्या बलकावर तेव्हा नखाएवढी, पांढुरकी, जवळजवळ पारदर्शक रेघ पडलेली असते, आणि तिच्याखाली काळी शाई सोडली म्हणजे तिचे तपशील उठून दिसतात. मध्ये नळी, नळीच्या दोन्ही बाजूंना मण्यांसारख्या ओळीने बसलेले कायखंड, म्हणजे पुढे मणके व स्नायू देणारे ठोकळे, आणि पुढच्या भागात नुकतेच धडधडू लागलेले हृदय. मधली नळी म्हणजे चेतानलिका, जिच्यापासून मेंदू आणि मेरुरज्जू होतात. ती आधी सपाट पट्टी असते. करंजीची पारी दुमडून कडा जुळवाव्यात तशा तिच्या कडा उचलल्या जाऊन एकमेकींना मिळतात, आणि जिथे मुरड घातली जाते त्या शिवणीवरच्या पेशी नळीतून सुटून शरीरभर चालू लागतात. शिवणीवरच्या या पेशीसमूहाला चेताशिखा म्हणतात. मेरुरज्जूच्या बाजूच्या संवेदी गाठी, अनुकंपी चेतासंस्था, आतड्याच्या भिंतीतील नसांचे जाळे आणि कातडीतील रंगपेशी ही सगळी तिचीच लेकरे होत.

पुतणी : कोंबडीच्या धडाच्या भागात या पेशींची पहिली तुकडी खाली उतरते आणि चेतागाठी तयार करते. सुमारे दिवसभराने निघालेली दुसरी तुकडी कातडीच्या लगेच खालून बाजूला सरकते आणि रंगपेशी होते. साध्या कोंबडीत या रंगपेशींना आतल्या वाटेवर मज्जाव असतो. सिल्कीच्या भ्रूणात मात्र तो मज्जाव करणारे रेणू नेहमीच्या जागी आढळत नाहीत आणि रंगपेशी पोटाकडे उतरत जातात. 1984 साली हॅले आणि फेराँ यांनी लावा पक्ष्याच्या चेताशिखेच्या पेशी दोन जातींच्या कोंबड्यांच्या भ्रूणांत बसवून पाहिल्या. पेशी त्याच, पण पांढऱ्या लेगहॉर्नच्या भ्रूणात त्या शिस्तीत कातडीपुरत्या राहिल्या आणि सिल्कीच्या भ्रूणात आतल्या ऊतींत शिरल्या. लावा पक्ष्याच्या पेशीत सिल्कीचा वंश नव्हता, तरी तिने सिल्कीचे वागणे उचलले, कारण तिला सिल्कीचा शेजार मिळाला होता.

काका : पण त्या दोघांनी संकरित पिलांतही तोच प्रयोग केला होता आणि भोवतालाचा हा गुण प्रभावी जनुकासारखा उतरतो असे त्यांना दिसले होते, हे सांगायचे राहू नये. शेजार बदलला तो शेजाऱ्याचे जनुक वेगळे म्हणूनच. आज तर ते जनुकही सापडले आहे. कोंबडीच्या 20व्या गुणसूत्रावर एक लाखाहून अधिक अक्षरांचा एक तुकडा दुप्पट झालेला आहे, हे सिल्कीत 2011 साली सिद्ध झाले, आणि भोपाळच्या आयसर या विज्ञानसंस्थेतील संशोधकांनी कडकनाथचा जनुकसंच वाचून त्याच जागेची ही फेरमांडणी उलगडली. घोडे तिथेच अडते. मूळ कारण जनुकच.

पुतणी : त्या दुप्पट झालेल्या तुकड्यात कोणते जनुक बसले आहे ते पाहा. त्याचे नाव एन्डोथेलिन-3. ते रंग तयार करणारे जनुक नाही आणि रंगपेशीची हाडेमांसे घडवणारेही नाही. ते एक सांगावा तयार करते. भोवतालच्या पेशी हे लहानसे प्रथिन बाहेर सोडतात, आणि चेताशिखेच्या ज्या पेशींवर त्याचा ग्राही आहे त्या ते ऐकून ‘अजून वाढत राहा, अजून पुढे चाला’ अशा तऱ्हेने वागतात. एका प्रतीऐवजी दोन प्रती असल्या की सांगावा मोठ्या आवाजात जातो, रंगपेशींचे पूर्वज पुष्कळ वाढतात आणि हाडांवरच्या आवरणापर्यंत जाऊन बसतात. वंशाने इथे दिले काय, तर बोलण्याचा चढा आवाज.

या टप्प्यावर काका आणि पुतणी यांच्यातील अंतर पहिल्यापेक्षा कमी झालेले दिसते, पण मतभेदाचा खरा गाभा अजून बाहेर आलेला नाही. सांगावा जनुकापासून निघतो हे दोघांनाही मान्य आहे. प्रश्न उरतो तो असा की, सांगाव्यात काय करायचे याचा मजकूर असतो, की मजकूर ऐकणाऱ्याजवळ आधीपासून असतो आणि सांगावा केवळ दार ठोठावतो. भ्रूणशास्त्राच्या इतिहासात हा प्रश्न फार कष्टाने सुटला आहे.

पुतणी : 1924 साली जर्मनीत हान्स श्पेमान आणि हिल्डे मांगोल्ड यांनी पाणसरड्याच्या भ्रूणातील एक विशिष्ट कड कापून दुसऱ्या जातीच्या भ्रूणाच्या पोटाच्या बाजूला बसवली. एक जात फिकी आणि दुसरी गडद अशी मुद्दाम निवडल्यामुळे कोणती पेशी कोणाची हे दिसत होते. पोटाच्या बाजूला दुसरा भ्रूण उभा राहिला, त्याला स्वतःची चेतानलिका आली, आणि ती नलिका बहुतेक करून यजमान भ्रूणाच्या पेशींची होती, ज्या पेशी एरवी पोटाची कातडी झाल्या असत्या. पाहुण्या तुकड्याने शेजाऱ्यांना चेतासंस्था करायला लावले. म्हणून त्या तुकड्याला संघटक म्हटले आणि या सांगण्याला प्रेरण. श्पेमान यांना 1935 साली नोबेल मिळाले; हिल्डे मांगोल्ड मात्र निबंध छापून आला त्याच वर्षी घरातील स्फोटात भाजून गेल्या.

काका : आणि पुढची वीस-तीस वर्षे त्या सांगाव्याचा रसायनशास्त्रीय शोध घेताना सगळे रडकुंडीला आले, हेही तू शिकलीच असशील. मेलेला संघटक लावला तरी प्रेरण होई, दुसऱ्याच प्राण्यांच्या ऊती लावल्या तरी होई, आणि वॉडिंग्टन, नीडहॅम व ब्राशे यांनी 1936 साली मेथिलीन ब्लूसारखा रंग लावला तेव्हाही झाले. ज्या चेतासंस्थेचा कण मेथिलीन ब्लूमध्ये असणे शक्य नाही ती त्याच्या लावण्याने उभी राहत असेल, तर मजकूर ऐकणाऱ्या पेशीतच होता असे म्हणण्यावाचून गत्यंतर नाही. बोलणारा कोणीही चालतो याचा अर्थ बोलण्याला फारशी किंमत नाही.

पुतणी : अर्धे मान्य आहे, काका, आणि ते अर्धे फार मोलाचे आहे.

या शोधात पुण्याचाही हात लागलेला आहे आणि मराठी वाचकाला तो माहीत असायला हवा. पुढे पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागाची धुरा सांभाळणाऱ्या लीला मुल्हेरकर यांनी एडिंबरोत वॉडिंग्टन यांच्याकडे कोंबडीच्या भ्रूणावर काम केले. प्रेरण होताना काही पदार्थ एका ऊतीतून दुसरीत झिरपतात का, यावरील दोघांचा निबंध 1957 साली कलकत्त्याच्या प्राणिशास्त्र संस्थेने छापला, आणि आदिरेषेच्या, म्हणजे भ्रूणाचा अक्ष प्रथम दाखवणाऱ्या खोबणीच्या, दोन्ही बाजूंच्या भागांकडून होणाऱ्या प्रेरणावरील त्यांचा स्वतंत्र निबंध 1958 साली आला. सांगावा म्हणजे खरोखर एका पेशीतून दुसरीकडे जाणारा पदार्थ असतो का, हा प्रश्न त्या काळी उघडा होता, आणि तो प्रयोगाने विचारणाऱ्यांत एक मराठी बाई होती.

पुतणी : उत्तर आले ते कोणाच्याच अपेक्षेप्रमाणे नव्हते. 1989च्या सुमारास बेडकाच्या भ्रूणाच्या बाह्यस्तरातील, म्हणजे सर्वांत वरच्या थरातील, पेशी एकमेकींपासून सोडवून काही काळ सुट्या ठेवल्या, तेव्हा त्या कोणीही काही न सांगता चेतापेशींच्या मार्गाला लागल्या. म्हणजे चेतासंस्था होण्याची तयारी त्यांच्यात होतीच. एकत्र असताना त्या बीएमपी नावाच्या प्रथिनाने एकमेकींना ‘कातडी व्हा’ असे सतत सांगत होत्या. 1992 साली नॉगिन आणि 1994 साली कॉर्डिन ही संघटकातून निघणारी प्रथिने सापडली, आणि दोन्हींचे काम एकच निघाले: बीएमपीला वाटेतच धरून ठेवायचे, म्हणजे ते ग्राहीपर्यंत पोहोचत नाही. श्पेमान यांचा संघटक ‘मेंदू हो’ असे सांगत नव्हता. तो कातडी होण्याचा गलबला बंद करत होता.

काका : मग जिंकले कोण? पेशीच्या पोटात चेतासंस्था आधीपासून होती.

पुतणी : होती, पण शांतता कुठे पडावी हे ठरल्यावाचून ती बाहेर आली नसती, आणि सगळीकडे शांतता पडली असती तर कातडीच राहिली नसती. शिवाय कोंबडीच्या भ्रूणात एवढ्याने भागत नाही, तिथे एफजीएफ नावाचा दुसरा सांगावाही आधी ऐकलेला असावा लागतो. म्हणून सांगाव्यात मजकूर नाही म्हणून त्याला किंमत नाही, हा निष्कर्ष टिकत नाही. मंदिरातली घंटा गावाला बोलावते, पण बोलावणे आरतीचे आहे की आगीचे हे तिच्या आवाजात नसते, ते वेळेवरून आणि वाजवण्याच्या गतीवरून ऐकणाराच ओळखतो. तरी घंटा वाजलीच नाही तर कोणी जमत नाही.

घंटेची ही उपमा मेरुरज्जूच्या बाबतीत शब्दशः लागू पडते. चेतानलिकेच्या खाली पृष्ठरज्जू नावाचा लवचीक दांडा असतो, आणि त्यातून व नलिकेच्या तळातून सॉनिक हेजहॉग हे प्रथिन वर झिरपते, तर नलिकेच्या छतातून बीएमपी खाली झिरपते. हेजहॉगचे मूळ जनुक फळमाशीत क्रिस्टियाने न्यूसलाइन-फोलहार्ट आणि एरिक वीशाउस यांच्या 1980 सालच्या कामातून पुढे आले. तळाजवळच्या पेशींना या प्रथिनाची मात्रा जास्त आणि अधिक काळ मिळते, वरच्यांना कमी, आणि या मात्रेनुसार व मुदतीनुसार एका पट्ट्यात स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी तर दुसऱ्यात मधल्या दुव्याच्या चेतापेशी तयार होतात. हेच प्रथिन हातापायाच्या कळीत बोटांचा क्रम लावते. मोजकेच सांगावे सगळ्या शरीरभर पुन्हा पुन्हा वापरले जातात, आणि प्रत्येक ठिकाणी अर्थ वेगळा निघतो तो ऐकणाऱ्याच्या पूर्वतयारीमुळे.

काका : पूर्वतयारी, पूर्वतयारी, असे म्हणतेस, ती वंशच नव्हे का?

पुतणी : तीच तर या वादाची किल्ली आहे. फ्रान्समध्ये निकोल ल दुआराँ यांनी लावा आणि कोंबडी यांच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली केंद्रकावरून वेगळ्या ओळखता येतात हे हेरले, आणि 1970च्या दशकात चेताशिखेचे तुकडे एका जागेवरून दुसऱ्या जागी बसवले. मानेजवळच्या ज्या भागातून एरवी आतड्याच्या नसा होतात, तो धडाच्या भागात बसवला की त्याच पेशी तिथे मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीच्या आणि अनुकंपी गाठींच्या पेशी झाल्या. म्हणजे कोणते रसायन सोडून संदेश द्यायचा, एवढी खोलवरची ओळखसुद्धा जागेने बदलली. पण डोक्याच्या चेताशिखेपासून जी कूर्चा आणि हाडे होतात, ती धडाच्या पेशींना तिथे नेऊन बसवले तरी सहजी जमत नाहीत. म्हणजे धडाच्या पेशीने आधी जे ऐकले होते ते ती विसरत नाही. वंश म्हणजे पुष्कळ अंशी आधी ऐकलेल्याची आठवण असते, काका.

काका : ‘पुष्कळ अंशी’ म्हणालीस हे बरे केलेस, कारण लावा पक्ष्याची पेशी कोंबडीत कितीही दिवस राहिली तरी लावाचीच राहते, आणि त्याच खुणेवर तो सगळा प्रयोग उभा आहे.

काकांचा हा आक्षेप टाळण्यासारखा नाही. काही गोष्टी पेशी कधीच ऐकत नाही, आणि काही ऐकण्याची तिची मुदत ठरलेली असते. मुदत संपली की तोच सांगावा वाया जातो. आतड्याच्या नसांची कहाणी ही या मुदतीची कहाणी आहे, आणि तिथे वादाला रुग्णालयातील खाटेचे वजन येते. माणसाच्या गर्भात चेताशिखेच्या पेशी चौथ्या आठवड्यात आतड्याच्या वरच्या टोकाला शिरतात आणि सातव्या आठवड्यापर्यंत गुदाशयाच्या टोकाला पोहोचतात. त्या चालत असताना आतडेही लांबत असते, त्यामुळे पेशींची संख्या वाढती ठेवणे आणि त्यांना मध्येच बूड टेकू न देणे ही दोन कामे एकाच वेळी साधावी लागतात. आतड्याच्या भिंतीतून निघणारे जीडीएनएफ हे प्रथिन त्यांना वाढवते व पुढे ओढते, आणि एन्डोथेलिन-3, म्हणजे कडकनाथला काळे करणारा तोच सांगावा, त्यांना वेळेआधी चेतापेशी होऊन थांबण्यापासून रोखतो.

पुतणी : तो सांगावा कमी पडला की पेशी वाटेतच थांबतात आणि शेवटचा भाग नसांवाचून राहतो. तेवढा भाग सैल पडत नाही, मागचे आतडे फुगत जाते, पोट ताणते, बाळ हिरवी उलटी करते, आणि पहिल्या 24 ते 48 तासांत जी काळपट पहिली शी व्हायला हवी ती होत नाही. डेन्मार्कच्या हर्षस्प्रुंग यांनी 1886 साली याचे वर्णन केले म्हणून रोगाला त्यांचे नाव आहे, आणि साधारण 5,000 जन्मांत एका बाळाला तो होतो. शस्त्रक्रियेत पेशी पोहोचल्याच नाहीत तो भाग काढून नसा असलेले आतडे खाली आणून जोडावे लागते, आणि कुठपर्यंत काढायचे हे ठरवताना आतड्याच्या भिंतीचे बारीक तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून चेतापेशी शोधाव्या लागतात. त्या भिंतीत जी सीमा दिसते ती म्हणजे सातव्या आठवड्याआधी थांबलेल्या चालीची खूण असते.

काका : आणि रंगाचे काय? सांगावा तोच असेल तर रंगातही फरक दिसायला हवा.

पुतणी : तो दिसला, आणि मुंबईतच दिसला. 1981 साली मुंबईच्या के. एन. शहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 12 नवजात बाळांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या बाळांच्या कपाळावरची बट जन्मतःच पांढरी होती आणि आतड्याचा लांबलचक भाग नसांवाचून होता. पांढरी बट आणि निश्चल आतडे यांचा एकमेकांशी संबंध काय, हे तेव्हा रेणूंच्या भाषेत सांगता येत नव्हते, पण दोन्ही एकत्र येतात हे त्यांनी नोंदवून ठेवले. 1990च्या दशकात कळले की अशा बाळांत बहुतेकदा एन्डोथेलिन-3, त्याचा ग्राही, किंवा चेताशिखेची तयारी सांभाळणारे सॉक्स-10 या तिघांपैकी एक जनुक बिघडलेले असते. आज जगभर या विकाराला वार्डेनबर्ग-शहा हे नाव आहे. सांगावा दुप्पट झाला की कडकनाथची हाडे काळी होतात; सांगावा पोहोचलाच नाही की बाळाची बट पांढरी राहते आणि आतडे थांबते.

काका : मग कडकनाथच्या आतड्यात दुप्पट नसा असायला हव्यात. तशा तर नसतात.

पुतणी : हा प्रश्न सगळ्यांत नेमका आहे. पक्ष्यांत या सांगाव्याचे कान दोन प्रकारचे आहेत. चेताशिखेच्या सुरुवातीच्या आणि नसा होणाऱ्या पेशींवर एक ग्राही असतो, आणि रंगपेशी होऊ घातलेल्या पेशींवर त्याचाच दुसरा भाऊ. सांगावा दोघांच्या कानी पडतो, पण प्रत्येक जण आपापल्या कानाने आणि आपापल्या वेळी ऐकतो. आवाज चढला म्हणून प्रत्येक ऐकणारा सारखाच धावत नाही.

आता उरतो तो शेवटचा दुवा, म्हणजे बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण हे कसे ठरते. त्याचे एक लखलखीत उत्तर मुंबईच्या कुलाब्यात, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शुभा टोळे यांच्या प्रयोगशाळेतून 2008 साली आले. उंदराच्या भ्रूणात मेंदूच्या बाह्यकाच्या, म्हणजे बाहेरच्या थराच्या, कडेला पेशींची एक अरुंद पट्टी असते, जिला लुगड्याच्या काठासारखी म्हणून काठ असेच नाव आहे, आणि या काठातून निघणाऱ्या संकेतांमुळे शेजारच्या भागात हिप्पोकॅम्पस, म्हणजे स्मृतीसाठी आवश्यक असलेला मेंदूचा भाग, घडतो. टोळे आणि सहकाऱ्यांनी बाह्यकाच्या काही पेशींतून एलएचएक्स-2 हे जनुक काढून टाकले, तेव्हा त्या पेशी बाह्यकाच्या न राहता काठाच्या झाल्या, आणि जिथे जिथे असा ठिपका पडला तिथे त्याच्या लगतच्या, जनुक शाबूत असलेल्या पेशींत हिप्पोकॅम्पसचे जादा पट्टे उमटले. पाणसरड्यात श्पेमान-मांगोल्ड यांनी सुरीने जे केले, ते सस्तन प्राण्याच्या मेंदूत एका जनुकाने झाले. टोळे यांना 2010 साली भटनागर आणि 2014 साली इन्फोसिस पुरस्कार मिळाला.

काका : या प्रयोगात दोघांचेही म्हणणे आहे. जनुक असेल तो ऐकणारा झाला, नसेल तो बोलणारा झाला. म्हणजे जनुक भवितव्य लिहीत नाही, ते कोणी बोलायचे आणि कोणी ऐकायचे एवढे वाटून देते.

पुतणी : आणि ते जनुक स्वतः चालू कुठे राहावे हेही आधीच्या संकेतांनी ठरलेले असते. त्याच्या मागे आणखी आधीचे संकेत, त्यांच्या मागे अंड्यात आईने घालून ठेवलेले पदार्थ. मागे मागे जाताना कोणत्याही पायरीवर एकटा वंश किंवा एकटा शेजार सापडत नाही.

काका : तरी पैदास करणाऱ्याच्या हाती जनुकच येते. पुढची पिढी निवडताना कोणत्या कोंबड्याला राखायचे हे ठरवता येते, भ्रूणातल्या सांगाव्याला हात घालता येत नाही.

पुतणी : आणि बाळाच्या पोटावर सुरी धरणाऱ्याच्या हाती जागा येते. पेशी कुठपर्यंत पोहोचल्या एवढेच तिथे विचारायचे असते.

दोघांचे एकमत झाले असे म्हणता येणार नाही, आणि तसे म्हणण्याची गरजही नाही. एकाच घडणीला दोघांनी दोन बाजूंनी हात लावला आहे, आणि ज्याच्या हाती जे येते त्याला तेच मूळ वाटते. अभ्यासकाने धरून ठेवावी अशी गोष्ट एवढीच की, सांगावा हा हुकूम नसतो. तो कोणाला, केव्हा आणि किती काळ ऐकू आला यातून त्याला अर्थ येतो, आणि आजचे ऐकणे हीच उद्याच्या ऐकण्याची तयारी असते. नवजात बाळाने पहिल्या दिवशी शी केली की घरातल्या वडीलधाऱ्या बायका निर्धास्त होतात आणि कामाला लागतात. त्यांना चेताशिखा ठाऊक नसते, पण त्या काळ्या डागाने मानेपासून गुदापर्यंतच्या एका लांब वाटचालीची पोच दिलेली असते, की सगळ्या पेशींनी वेळेवर ऐकले आणि शेवटची तुकडीही मुक्कामाला पोहोचली.